बिनमुदतीचा कोंडवाडा

"ही कैद नव्हे, ही केवळ व्यवस्था आहे," हें वाक्य अलीकडे इतक्या निरनिराळ्या तोंडांतून ऐकूं येतें कीं, त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरज कोणास वाटेनाशी झाली आहे. परक्या देशांतून आलेला एखादा मनुष्य. त्याच्याजवळ पारपत्र नाहीं, किंवा आहे त्याची मुदत संपली आहे. मायदेशीं परत जाणें म्हणजे मृत्यूच्या दाढेंत जाणें असें तो म्हणतो. अशा मनुष्यास सरकारनें एका इमारतींत घालावें, बाहेरून कुलूप लावावें, दारावर पहारा बसवावा, आणि त्यानें "मी केव्हां सुटेन?" असें विचारल्यास "तें सांगतां येत नाहीं" असें उत्तर द्यावें, याचें नांव व्यवस्था! २०१९ च्या जानेवारींत केंद्रीय गृहखात्यानें अशा केंद्रांसाठीं एक आदर्श नियमपुस्तिका राज्यांकडे पाठविली. त्याच वर्षीं महाराष्ट्राच्या गृहखात्यानें नवी मुंबईंत नेरूळ येथें जागा मिळावी म्हणून सिडकोस पत्र लिहिलें, आणि वर्तमानपत्रांत चार दिवस गवगवा झाला. त्या गवगव्यांत विजेची, पाण्याची, खाटांची, स्त्रियांच्या वेगळ्या सोयीची, फार काय, लेंकरांच्या पाळणाघराचीसुद्धां चर्चा झाली. किती दिवस ठेवणार, हें मात्र कोणी विचारलें नाहीं. १९४६ चा परकीयांविषयींचा जुना कायदा १ सप्टेंबर २०२५ रोजीं गेला व त्याच्या जागीं नवा आला. परंतु कोठडीची कमाल मुदत जुन्यांत नव्हती, ती नव्यांतही नाहीं. आमचें सारें भांडण या एका रिकाम्या जागेशीं आहे.

आम्ही हें सोनाळ्याहून लिहीत आहों. सोनाळा हें बुलढाणा जिल्ह्यांत, संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या अगदीं पायथ्याशीं वसलेलें गांव. येथून समुद्र दूर आणि देशाची सीमा त्याहून दूर. "येथें रोहिंग्या कोठून येणार, आणि तुम्हांस ही उठाठेव कशाला?" असें आमचे स्नेही विचारतात. प्रश्न रास्त आहे व त्याचें उत्तर यथावकाश येईल. तूर्त एका अशा संस्थेकडे वाचकांचें लक्ष वेधतों कीं, जी समजून घेण्यास वऱ्हाडांतील कोणाही कुणब्याला वकील करावा लागत नाहीं. ती संस्था म्हणजे कोंडवाडा.

दुसऱ्याच्या कपाशींत शिरलेला बैल धरून कोंडवाड्यांत घालावा, असें १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यानें सांगितलें. पण तेवढेंच सांगून तो कायदा थांबला नाहीं. कोंडवाड्याच्या रखवालदारानें वही ठेवावी. कोणतें जनावर केव्हां आलें, कोणी आणलें, हें तींत लिहावें. जनावरास चारापाणी द्यावें. सात दिवसांत धनी आला नाहीं तर रखवालदारानें वर कळवावें. मग जनावराच्या वर्णनाची जाहिरात लागावी. तेथून आणखी सात दिवस वाट पाहून लिलांव करावा. बैल अन्यायानें धरला असें धन्यास वाटलें तर त्यानें दहा दिवसांच्या आंत मॅजिस्ट्रेटाकडे जावें, आणि फिर्याद खरी ठरल्यास शंभर रुपयांपर्यंत भरपाई घ्यावी. शंभर रुपये ही रक्कम १८७१ सालची आहे, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

ज्या परकीय सत्तेनें हा कायदा केला तिच्या पोटांत बैलाविषयीं कळवळा होता, असें समजण्याचें कारण नाहीं. तिला हिशेब कळत होता. कोंडलेला जीव खातो, पितो, आजारी पडतो. त्याचें पुढें काय करावयाचें हें ठरविण्याची कोणावर तरी सक्ति नसेल तर तो तेथेंच राहील आणि कोणीही त्याला जबाबदार असणार नाहीं, एवढें व्यवहारज्ञान तिला होतें. म्हणून बैलाच्या वाट्यास वही, मुदत, जाहिरात, दाद आणि भरपाई हीं सारीं आलीं. आश्रय मागण्यास आलेल्या मनुष्याच्या वाट्यास यांपैकीं मुदत येत नाहीं. आणि मुदत नाहीं म्हटल्यावर बाकीच्यांना फारसा अर्थ उरत नाहीं.

यावर आमचे विद्वान् प्रतिपक्षी म्हणतील, "बैलापासून राष्ट्रास धोका नसतो, परक्यापासून असूं शकतो." असूं शकतो, हें आम्हांस पूर्ण मान्य आहे. पण धोक्याच्या माणसांसाठीं आपल्या देशांत वेगळा कायदा आहे आणि तो मुळींच सौम्य नाहीं. १९८० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यान्वयें एखाद्यास खटल्यावांचून स्थानबद्ध करतां येतें. परंतु तीन आठवड्यांच्या आंत तें प्रकरण सल्लागार मंडळापुढें न्यावें लागतें, आणि मंडळानें संमति दिली तरी बारा महिन्यांपलीकडे त्या हुकुमाचा जोर चालत नाहीं. घटनेच्या २२ व्या कलमानें तीन महिन्यांची वेस घालून दिलेली आहे. मंडळाच्या संमतीवांचून ती ओलांडतां येत नाहीं. हें कलम डॉ. आंबेडकरांनीं १९४९ च्या सप्टेंबरांत घटनासमितीपुढें मांडलें, आणि तेव्हांही तें अपुरें म्हणून सभासदांनीं त्यावर कडाडून टीका केली. आतां पाहा: ज्याच्याविषयीं सरकारला घातपाताचा संशय आहे त्यास जास्तींत जास्त बारा महिने, आणि ज्याच्याविषयीं एवढाच आक्षेप कीं त्याच्याजवळ कागद नाहींत, त्यास अमर्याद. सुरक्षिततेच्या नांवानें या विषमतेचें समर्थन करूं पाहणारानें निदान हे दोन कायदे शेजारीं शेजारीं ठेवून वाचावे.

आणि सुरक्षिततेच्या या युक्तिवादाचा अनुभव महाराष्ट्रास नवा नाहीं. १९३९ च्या सप्टेंबरांत युद्ध पुकारलें जातांच हिंदुस्थान सरकारनें देशांतील जर्मन पुरुष धरले आणि तेव्हांच्या अहमदनगरच्या, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरच्या, छावणींत आणून बंद केले. त्यांत नाझी होते, व्यापारी होते, मिशनरी होते. आणि हिटलरच्या भयानें घरदार सोडून मुंबईच्या धक्क्यावर उतरलेले यहुदीही होते. ज्यांच्यापासून पळून आले त्यांच्याच पंक्तीला, एकाच तारेच्या कुंपणाआड, त्यांस बसविण्यांत आलें. कारण कागदांवर दोघांचेंही राष्ट्रीयत्व एकच. चौकशीसाठीं समिती बसली व पुष्कळांची सुटका झाली, हें कबूल केलें पाहिजे. पण १९४० च्या उन्हाळ्यांत फ्रान्स पडलें, घबराट उडाली, आणि सुटलेल्यांपैकीं कित्येक पुन्हां आंत गेले. पुढें नगरहून देवळाली, देवळालीहून डेहराडून अशी पुरुषांची रवानगी झाली, आणि कांहीं कुटुंबांस पुरंदर व सातारा येथें ठेवण्यांत आलें. ज्या पुरंदरावर संभाजी महाराजांचा जन्म झाला त्याच गडावर युरोपांतील निर्वासितांची लेंकरें लढाई संपण्याची वाट पाहत वाढलीं, ही गोष्ट आमच्या किती शाळांत सांगितली जाते?

या प्रकरणाचा खरा विनोद, त्याला विनोद म्हणावयाचें असेल तर, १९४१ च्या नोव्हेंबरांत घडला. त्या महिन्यांत जर्मनीनें हुकूम काढून देशाबाहेर राहणाऱ्या आपल्या सर्व यहुदी प्रजाजनांचें नागरिकत्व काढून घेतलें. म्हणजे ज्या कारणास्तव त्यांस इकडे 'शत्रूचे प्रजाजन' म्हणून अडकविलें होतें तें कारण शत्रूनेंच नाहींसें केलें. तरी कुलूप होतें तेथेंच राहिलें. एकदां मनुष्य आंत गेला म्हणजे तो कां आंत गेला हें कारण नाहींसें झाल्यानें तो बाहेर येतोच असें नाहीं. बाहेर येण्यास कोणीतरी दार उघडावें लागतें, आणि दार उघडण्याची ज्याच्यावर सक्ति नाहीं तो तें उघडीत नाहीं.

त्याच नगरच्या किल्ल्यांत १९४२ च्या ऑगस्टपासून पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आपले शंकरराव देव ही मंडळी कोणत्याही खटल्यावांचून कोंडलेलीं होतीं, हें सर्वांस ठाऊक आहे. किती दिवसांसाठीं, हें त्यांनाही कोणी सांगितलें नव्हतें. असा अनुभव गांठीं असलेल्या पिढीनें स्वराज्य येतांच १९४६ चा परकीयांचा कायदा फाडून टाकला असेल अशी कोणाची समजूत असल्यास ती चूक आहे. तो कायदा युद्धकाळांतील कायद्याचाच वंशज. तो तसाच ठेवला गेला. १९६२ मध्यें चीनशीं युद्ध झालें तेव्हां नेहरूच पंतप्रधान होते, आणि त्यांच्याच सरकारनें आसाम, दार्जिलिंग वगैरे भागांतील चिनी वंशाचीं सुमारें तीन हजार माणसें, म्हाताऱ्याकोताऱ्यांसह, राजस्थानांत देवली येथें नेऊन ठेवलीं. त्याच देवलींत इंग्रजांनीं डांग्यांसारख्या कम्युनिस्टांना डांबलें होतें. युद्ध महिन्याभरांत आटोपलें. छावणींतील शेवटचीं माणसें १९६७ पर्यंत सुटत होतीं.

येथें कोणी वळिवड्याचें नांव घेईल, आणि घ्यावेंही. १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवडे येथें सुमारें पांच हजार पोलिश निर्वासित राहिले. रशियानें सैबेरिया व कझाकस्तानांत हाकून दिलेल्या या बहुतांशीं बायका व मुलें इराणमार्गें येथवर पोंचलीं. त्यांच्या शाळा निघाल्या, चर्च झालें, नाटकें झालीं. बाजारांत त्यांची जा-ये असे. २०२४ च्या ऑगस्टांत भारताच्या पंतप्रधानांनीं वॉर्सा येथील कोल्हापूरच्या स्मारकास वंदन केलें, तेव्हां आम्हां मराठी माणसांचा ऊर भरून आला. तो भरून यावा. पण ऊर भरून आला म्हणजे डोळे मिटलेच पाहिजेत असें नाहीं. पोलिश हे दोस्तराष्ट्राचे लोक होते, त्यांचा खर्च बव्हंशीं लंडनमधील त्यांच्याच सरकारनें सोसला होता, आणि ते गोरे होते. त्याच सुमारास, त्याच इलाख्यांत, तितकाच निरपराध यहुदी पुरंदरावर पहाऱ्यांत होता. दोहोंतील फरक औदार्याचा नव्हता. एकाच्या कागदांवर मित्रराष्ट्राचा शिक्का होता, दुसऱ्याच्या कागदांवर शत्रूराष्ट्राचा. वळिवड्यावरून एक गोष्ट तेवढी निर्विवाद सिद्ध होते. पांच हजार परके लोक पांच वर्षें मोकळ्या वस्तींत ठेवतां येतात आणि त्यामुळें कोल्हापूर बुडत नाहीं. पोलिश गेल्यावर त्याच बराकींत फाळणीनें उखडलेले सिंधी आले, आणि आज तेथें गांधीनगर ही भरभराटीची व्यापारपेठ आहे.

मुदत नसलेल्या कैदेची चीड महाराष्ट्राच्या हाडींमाशीं खिळलेली असावयास पाहिजे होती. १८९७ सालीं रँडच्या खुनानंतर पुण्याच्या नातू बंधूंना सरकारनें १८२७ च्या २५ व्या रेग्युलेशनखालीं उचललें. आरोप नाहीं, पुरावा नाहीं, खटला नाहीं. १८९९ सालापर्यंत ते सरकारच्या मर्जीचे बंदिवान राहिले. १८९७ च्याच डिसेंबरांत आमच्या वऱ्हाडांत, अमरावतीस, शंकरन् नायर यांच्या अध्यक्षतेखालीं राष्ट्रीय सभा भरली आणि या रेग्युलेशनांचा तिनें निषेध केला. बॅ. सावरकरांना १९२४ च्या जानेवारींत रत्नागिरी जिल्ह्याची हद्द घालून सोडलें, तेव्हां मुदत पांच वर्षांची सांगितली होती. ती वाढत वाढत १९३७ पर्यंत गेली. यांच्या राजकारणाविषयीं कोणाचें कांहींही मत असो. पांचाचीं तेरा वर्षें कशीं होतात, हें त्यावरून समजण्यास हरकत नाहीं. जी मुदत हुकूम काढणाराच वाढवूं शकतो, ती मुदत नव्हे.

"ते आपले होते, हे परके आहेत," असें यावर उत्तर येतें. घटनेंत हें उत्तर नाहीं. भाषणस्वातंत्र्य, संचारस्वातंत्र्य हीं १९ व्या कलमानें नागरिकास दिलीं. पण २१ व्या कलमांत जीवित व स्वातंत्र्य यांची हमी दिली ती 'व्यक्तीस'. हा शब्दभेद नजरचुकीनें झालेला नाहीं. सुप्रीम कोर्टानें १९५५ सालीं हान्स म्युलर याच्या प्रकरणांत परकीयास देशाबाहेर घालविण्याचा सरकारचा अधिकार अनिर्बंध ठरविला, आणि १९९६ सालीं अरुणाचलांतील चकमांच्या प्रकरणांत, नागरिक असो वा नसो, जीविताचें रक्षण सरकारवर बंधनकारक आहे असेंही सांगितलें. हीं दोन मतें एकत्र ठेवलीं म्हणजे सरळ अर्थ निघतो: बाहेर घालवावयाचें असेल तर कायद्यानें घालवा, पण घालवीत नाहीं आणि सोडीतही नाहीं, अशा मधल्या अंधारांत ठेवण्याचा हक्क कोणी दिला?

तो मधला अंधार मात्र वाढत चालला आहे. २०२१ च्या मार्चांत जम्मूमधील दीडशेंहून अधिक रोहिंग्यांना हिरानगरच्या तुरुंगांत नेलें आणि त्या तुरुंगास 'होल्डिंग सेंटर' असें नवें नांव दिलें. प्रकरण सुप्रीम कोर्टांत गेलें. नागपूरचे शरद बोबडे तेव्हां सरन्यायाधीश होते. ८ एप्रिल २०२१ च्या अंतरिम हुकुमांत, विहित पद्धति पाळल्यावांचून त्यांस परत पाठवूं नये असें सांगितलें, पण सुटकेची मागणी मान्य झाली नाहीं. वऱ्हाड-नागपूरच्या माणसास आपल्या प्रांतांतील मनुष्य त्या आसनावर बसलेला पाहून जो अभिमान वाटला तो आम्हांसही वाटला होता. म्हणूनच स्पष्ट सांगतों कीं त्या हुकुमानें मुख्य प्रश्नास स्पर्शच केला नाहीं. परत पाठवितां येत नाहीं, कारण ब्रह्मदेश त्यांस आपले म्हणत नाहीं. सोडतां येत नाहीं, कारण ते परके. मग किती वर्षें? २०२३ सालीं हीं माणसें अद्याप तेथेंच होतीं.

आसामांतील प्रकरणांत कोर्ट थोडें पुढें गेलें. तीन वर्षांहून अधिक काळ अडकलेल्यांना एक एक लाखाचे दोन जामीनदार घेऊन सोडावें, असा हुकूम १० मे २०१९ रोजीं झाला. पुढें करोनाच्या सांथींत, १३ एप्रिल २०२० रोजीं, तीन वर्षांचीं दोन वर्षें आणि लाखाचे पांच हजार झाले. म्हणजे मुदत घालतां येते. ती घातल्यानें राज्य कोसळत नाहीं. सांथीच्या भीतीनें जें सुचलें तें न्यायाच्या भीतीनें आधीं सुचावयास हवें होतें, इतकेंच. २०२५ च्या फेब्रुवारींत न्यायमूर्ति अभय ओक व उज्जल भुयान यांनीं आसाम सरकारास, परकीय ठरलेल्यांना वर्षानुवर्षें ठेवून तुम्ही मुहूर्ताची वाट पाहतां काय, अशा अर्थाचा सवाल केला. सवाल खणखणीत होता. पण त्यांतून सरकारनें जो धडा घेतला तो सुटकेचा नव्हता, घाईचा होता, त्याविषयीं पुढें.

परदेशांतील एक जुनें उदाहरण येथें सांगितलेंच पाहिजे, कारण त्यांतील परका मनुष्य भारतीय आहे. हरदियाल सिंग नांवाचा एक भारतीय इंग्लंडांत चोरीच्या गुन्ह्याची शिक्षा भोगून संपला, तरी हद्दपारीसाठीं म्हणून डरहॅमच्या तुरुंगांतच राहिला. त्याचें पारपत्र हरवलें होतें, आणि प्रवासाचा कागद मिळावयाचा तो भारताच्याच वकिलातीकडून. महिन्यामागून महिने गेले. १९८३ च्या डिसेंबरांत न्यायमूर्ति वुल्फ यांनीं ठरविलें कीं, हद्दपारीसाठीं दिलेला अधिकार हद्दपारीसाठीं वाजवी असेल तितकाच काळ वापरतां येतो, आणि त्या काळांत हद्दपारी घडणार नसेल तर तो वापरतांच येत नाहीं. इंग्लंडच्या न्यायालयांत आजही या तत्त्वास त्या भारतीय माणसाचें नांव आहे. जें तत्त्व आमच्या माणसाकरितां परमुलुखांत निघालें तें आमच्या मुलुखांत परक्याला मिळूं नये, यांत स्वाभिमान कोणता?

ऑस्ट्रेलियाची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालीं चार विरुद्ध तीन मतांनीं असा निवाडा दिला कीं, कोणताच देश घेण्यास तयार नसलेल्या मनुष्यास जन्मभर कोंडून ठेवलें तरी तें कायदेशीर आहे. हा निवाडा १९ वर्षें टिकला. ८ नोव्हेंबर २०२३ रोजीं त्याच न्यायालयानें तो उलटविला. आणि ज्याच्या अर्जावरून उलटविला तो ब्रह्मदेशांतून आलेला, कोणत्याही राष्ट्राचा नसलेला एक रोहिंग्याच होता. तो साधुपुरुष नव्हता. एका अल्पवयी मुलावरील अत्याचाराची शिक्षा त्यानें भोगली होती. आमच्या पक्षास गैरसोयीची ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतों. कारण शिक्षा देण्याचें काम फौजदारी न्यायालयाचें आहे आणि तें त्यानें केलें होतें. त्यापुढील कैद ही त्याच्या जन्मभूमीनें त्याला नाकारल्याची होती. हा फरक ज्यास दिसत नाहीं त्यास कायद्याचें राज्य कशास म्हणतात तेंही दिसणार नाहीं.

आतां सर्वांत जोरानें ओरडून मांडला जाणारा आक्षेप: "ठेवूं नये म्हणतां, तर ताबडतोब हाकलून द्या!" मुदतीच्या मागणीचा हा विपर्यास आहे. जो केवळ मजुरीसाठीं आला आणि ज्यास घरीं धोका नाहीं, त्यास रीतसर चौकशी करून परत पाठविण्यास आमची ना नाहीं. पण कोण मजूर, कोण आश्रयार्थी आणि कोण मुळांत आपलाच, हें ठरविल्यावांचून हाकललें म्हणजे काय होतें तें २०२५ च्या जूनमध्यें दिसून आलें. मुंबईच्या आसपास कामास असलेले पश्चिम बंगालचे कांहीं मजूर बांगलादेशी समजून धरले गेले आणि सीमेपलीकडे लोटले गेले. मग ते भारतीय असल्याचें निघालें आणि त्यांस परत आणावें लागलें. कोंडवाड्याच्या रखवालदारानें बैलाचें वर्णन न लिहितां त्याचा लिलांव केला असता तर त्यास जाब द्यावा लागला असता.

आणि येथेंच आमच्या स्नेह्यांस हवें असलेलें सोनाळ्याचें उत्तर आहे. मी परका नाहीं हें सिद्ध करण्याचा भार जुन्या कायद्यानें ज्याच्यावर संशय त्याच्याच माथीं टाकला होता, नव्या कायद्यानेंही तेथेंच ठेवला आहे. आमच्या इकडून कामाच्या शोधांत लोक पुण्यास जातात, मुंबईस जातात, सुरतेस जातात. त्यांत सातपुड्यांतील कोरकू आहेत, पालें ठोकून हिंडणारे भटके आहेत; झाडाखालीं जन्मलेल्या मुलाची नोंद कोणत्या दप्तरांत झाली हें त्यांच्या आईस ठाऊक नसतें. मराठी बोलतो म्हणून महाराष्ट्रांत तो वांचेल कदाचित्. पण परप्रांतांत त्याच्या बोलीवर कोणी भलताच शिक्का मारला तर तो कोणत्या कागदानें पुसणार? सोनाजी महाराजांच्या यात्रेला येणाऱ्यास आम्ही दाखला मागत नाहीं, ही आमची गांवंढळ रीत सरकारास लागू पडणार नाहीं हें आम्हांस कळतें. सरकारनें दाखला अवश्य मागावा. तो मिळेपर्यंत मनुष्य कोठें असावा आणि किती दिवस, एवढेंच आम्ही विचारतों.

आमच्या कायद्यांत 'आश्रयार्थी' हा शब्दच नाहीं. १९५१ च्या निर्वासितविषयक कराराला भारतानें मान्यता दिलेली नाहीं, आणि ती द्यावी कीं नाहीं याविषयीं प्रामाणिक मतभेद असूं शकतो. परंतु शब्द नसला म्हणून वस्तु ओळखतां येत नाहीं, असें नाहीं. २०२५ च्या सप्टेंबरांत नव्या कायद्याबरोबरच निघालेल्या सवलतीच्या हुकुमानें, अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तान येथून धार्मिक छळामुळें २०२४ अखेरपर्यंत आलेल्या हिंदु, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती लोकांस कागदांच्या अभावीं होणाऱ्या शिक्षेंतून वगळलें. नोंदलेल्या श्रीलंकेच्या तमिळांसही वगळलें. हें योग्यच झालें. छळानें पळालेला मनुष्य आणि चोरवाटेनें शिरलेला मनुष्य यांत फरक आहे, हें सरकारास समजतें, याचा तो पुरावा आहे. मग पाकिस्तानांतील अहमदी आणि ब्रह्मदेशांतील रोहिंग्या यांचा छळ हा छळ नव्हे काय?

आम्ही फार कांहीं मागत नाहीं. कायद्यांत एक आंकडा लिहिला जावा. तो सहा महिन्यांचा असो, वर्षाचा असो. युरोपच्या राष्ट्रसंघानें २००८ सालीं परतपाठवणीच्या नियमांत तो अठरा महिन्यांवर आणून बांधला, आणि आम्हांस तोही जास्त वाटतो. त्या मुदतींत दर कांहीं आठवड्यांनीं कैद्यास न्यायाधीशापुढें उभें करावें, आणि परतपाठवणीसाठीं काय काय केलें तें सरकारनें तेथें लेखी सांगावें. आईबापांस कोंडल्याशिवाय ज्यांस कोंडतां येत नाहीं अशीं मुलें असतील तेथें कोंडूंच नये. हजेरीची अट घालून वस्तींत राहूं द्यावें, वळिवड्यास राहूं दिलें तसें. आणि मुदत संपली कीं दार उघडावें. तें उघडण्यास नवा हुकूम लागूं नये. नेरूळला किंवा अन्यत्र अशी इमारत उभी राहणार असेल तर तिच्या खर्चाची मागणी विधानसभेपुढें येईल. त्या दिवशीं आमच्या वऱ्हाडांतल्या आमदारांनीं खाटा किती हें विचारण्याआधीं दिवस किती हें विचारावें.

राहतां राहिला जामिनाचा प्रश्न. पांच हजारांचे दोन भारतीय जामीनदार, ही २०२० ची अट ऐकण्यास सोपी आहे. पण ज्यास या देशांत कोणी ओळखीत नाहीं, म्हणूनच जो आंत आहे, त्यानें दोन भारतीय आणावे कोठून? अशी अट उद्यां महाराष्ट्रांत लागू झाली तर हें मासिक वाचणाऱ्या घरांतून असे दोन गृहस्थ सहज निघूं शकतील. रक्कम मोठी नाहीं. आम्ही आमच्या सोनाळ्यांत दोघांतिघांजवळ ही गोष्ट काढून पाहिली. एकानें विचार करून सांगतों म्हटलें, दुसऱ्यानें, "तो पळाला तर?" असें विचारलें, आणि तिसऱ्यानें फॉर्म कोठें मिळतो तें विचारलें.